छोट्या लाकडी वाड्याचे खांब दरवर्षी का हलतात? लक्षणं, तपासण्या आणि दुरुस्ती

गेल्या भाद्रपदात वाडा घट्ट उभा होता, वर्षभर माळ्यावर राहिला, आणि यंदा महालक्ष्म्यांसाठी खाली काढला तर दोन खांब हातात आले. नागपुरात ही तक्रार मी इतक्या घरांत ऐकली आहे की आता वाड्याला हात लावायच्या आधीच काय झालं असेल याचा अंदाज येतो. खाली लिहिलंय ते एकास बारा मापाच्या वाड्याबद्दल आहे, म्हणजे खऱ्या वाड्याचा एक फूट इथे एक इंच. खांब साधारण १९० मि.मी. उंच आणि १६ मि.मी. जाड. भातुकलीचं घर असो, शाळेच्या प्रकल्पातलं असो की देवघरापुढची छोटी ओसरी, दुखणं तेच असतं.

लक्षणं

बोटांत धरून फिरवला की खांब जागच्या जागी गोल फिरतो. किंवा खांबाचं डोकं आणि तुळई यांच्यामध्ये बारीक फट दिसते, मागे बॅटरी धरली तर उजेड आरपार येतो.

खांब हलत नाही, पण पायथ्याशी उभी चीर गेली आहे.

सगळे खांब एकाच बाजूला कलले आहेत, वाऱ्यात उभ्या पिकासारखे.

एखादाच खांब धनुष्यासारखा वाकला आहे, बाकीचे सरळ.

पायथ्याशी पिवळट, काचेसारखी वाळलेल्या गोंदाची कडी दिसते आणि खांब त्या कडीतून अलगद बाहेर येतो.

खांबाखाली मैद्यासारखी भुकटी पडलेली दिसते. हे लक्षण बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. तसं दिसलं तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

वाडा कुठे होता, महिना कोणता?

याला एक पैसा लागत नाही, म्हणून आधी हे. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या जवळ उतरते. श्रावणात तीच ८० च्या वर जाते. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पातळ लाकडात पाणी पाचेक टक्के उरतं आणि पावसाळ्यात पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत चढतं. सिमेंटच्या स्लॅबखालचा माळा म्हणजे उन्हाळ्यात भट्टीच. बहुतेक सांधे तुटतात मे महिन्यात, पण वाडा तेव्हा कोणी पाहत नाही, म्हणून कळतं ते भाद्रपदात.

दुसरी जागा कूलरसमोरची. तिथे उलटा प्रकार होतो. दिवसभर ओली हवा एकाच बाजूवर येते, रात्री कूलर बंद केला की तीच बाजू सुकते. एका काकूंचा वाडा दर उन्हाळ्यात फक्त डाव्या बाजूने ढिला व्हायचा. ताट्यांची हवा थेट त्या बाजूला लागत होती. वाडा दुसऱ्या भिंतीला हलवला आणि पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही.

वाडा माळ्यावरून काढल्या काढल्या काही करू नका. आठ-दहा दिवस राहत्या खोलीत सावलीत ठेवा, मग तपासा. कित्येकदा फट आपोआप अर्धी होते, आणि मे महिन्याच्या मापाने केलेली दुरुस्ती श्रावणात नडते.

खालची जागा सपाट आहे का?

स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर वाडा ठेवा. घरात यापेक्षा सपाट जागा सहसा सापडत नाही. टेबलावर हलणारा खांब इथे स्थिर झाला, तर दोष टेबलाचा. चौरंगाचा एक पाय आखूड असला की जोतं पिळतं आणि कोपऱ्यातल्या एका खांबावरचा भार निघून जातो. कागदाची घडी पायाखाली सरकवली की झालं.

छपराला पुरेसं वजन आहे का?

ही तपासणी बहुतेकांना सुचत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त समजून घेण्यासारखी हीच आहे. खऱ्या वाड्यात खांब कोणी चिकटवलेला नसतो. तो तळखड्यावर, म्हणजे पायथ्याच्या दगडावर, उभा असतो आणि वरून तुळई, माळवद, माती, कौलं यांचा भार त्याला जागेवर दाबून धरतो. नागपुरातल्या महाल, इतवारी या भागांतले जुने वाडे पाहिलेत तर ओसरीचे खांब असेच उभे दिसतील. दगड मध्ये असल्यामुळे जमिनीतली ओल लाकडाच्या कापलेल्या तोंडातून वर चढत नाही, हा त्याचा दुसरा फायदा.

आता तेच घर बारापट लहान केलं तर वजन बारापट कमी होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून बारा, म्हणजे १,७२८ पट कमी होतं. खांबाच्या तोंडाचं क्षेत्रफळ मात्र १४४ पटच कमी होतं. म्हणजे खांबावरचा दाब खऱ्या वाड्याच्या एक बारांश उरतो. छप्पर प्लायचं किंवा पुठ्ठ्याचं असलं तर त्याहूनही कमी. मग खांब उभा राहतो तो फक्त गोंदाच्या जिवावर.

करून पाहा: छपरावर मधोमध अर्धा किलोचं वजन ठेवा, तुळईवर येईल असं. तांदळाची पिशवीही चालेल. फिरणारा खांब थांबला, तर दुरुस्ती सोपी आहे. छपराच्या आत, बाहेरून दिसणार नाही अशा जागी कडप्प्याचा किंवा फरशीचा पातळ तुकडा बसवा. माझ्याकडे आलेल्या वाड्यांपैकी निदान तिसरा हिस्सा तरी इथेच बरा झाला असेल.

कागदाच्या पट्टीने फट शोधा

खांबांवर पेन्सिलीने आकडे घाला. साध्या छपाईच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा. तिची जाडी साधारण ०.१ मि.मी. असते. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर ती सरकवून पाहा. जाते का, किती घड्या जातात, ते वहीत लिहा. पाच घड्यांची फट म्हणजे अर्धा मि.मी. एकास बाराच्या मापात ही खऱ्या वाड्यातली पाव इंचाची फट झाली, म्हणून ती डोळ्यांना इतकी खुपते.

आता महत्त्वाचं. फट पाहून सगळे म्हणतात, खांब आखूड झाला. मीही पहिल्या वाड्याला हेच समजून चार खांब नवे केले होते, लांब केले, ठोकून बसवले. पावसाळ्यात त्यांतल्या दोघांचे पायथे चिरले. लकडगंजातल्या, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारातल्या, एका म्हाताऱ्या वाढयाला (सुताराला) ते दाखवलं. त्याने खांबाकडे पाहिलंसुद्धा नाही, जोतं उलटं करून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, खांबाले काही नाही झालं. पाटी सुकून राह्यली."

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, जाडीत आणि रुंदीत बदलतं. सागवान हे फार कमी हलणारं लाकूड, तरी तेसुद्धा पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे २.५ टक्के आकसतं. रेषांच्या (लाकडातल्या तंतूंच्या) लांबीत हा आकडा ०.१ ते ०.२ टक्के इतकाच. खांबात रेषा उभ्या असतात, त्यामुळे १९० मि.मी. खांबाच्या उंचीत आपल्याकडच्या ऋतूंमुळे पडणारा फरक एका कागदाइतका.

पण खांबाच्या वर-खाली काय आहे ते मोजा. जोत्याची पाटी २० मि.मी., तळखडा ८, वरची चौकट ७, तुळई २५. हे ६० मि.मी. लाकूड आडव्या रेषांचं आहे. त्यातलं पाणी दहा टक्क्यांनी उतरलं की ही चळत अर्धा ते एक मि.मी. कमी होते. मागची भिंत प्लायची असली आणि खालपासून वरपर्यंत एकसंध असली, तर ती छप्पर आहे तिथेच धरून ठेवते. चळत खाली बसते, छप्पर वर राहतं आणि फट खांबापाशी दिसते. श्रावणात चळत फुगते. त्या वेळी फटीत कोणी लांब खांब ठोकलेला असेल तर त्याला जायला जागा नाही, मग तो पायथ्याशी चिरतो. वरच्या लक्षणांतली पहिली दोन अशी एकाच कारणाची आहेत.

म्हणून ठरवा: फट सगळ्या खांबांवर सारखी आणि अर्ध्या मि.मी.च्या आत असेल, तर खांबांना हात लावू नका. एकदोनच खांबांवर असेल तर पुढे चला.

खांबांची उंची आणि तोंडं

सुटे झालेले खांब ओट्यावर शेजारी शेजारी उभे करा आणि वर स्टीलची पट्टी आडवी ठेवा. कमी-जास्त लगेच दिसतं. खांब एकेक मोजून कापले की हा दोष हमखास येतो. कापताना एक ठोकळा अडणी म्हणून लावला आणि सगळे खांब त्याला टेकवून कापले, तर माप चुकायला जागाच राहत नाही.

आखूड खांबासाठी बाकीचे घासू नका. आखूड खांबाच्या खाली पातळ चकती द्या. लग्नपत्रिकेचा जाड कागद किंवा लाकडी व्हिनिअरचा तुकडा पुरतो. तळखड्याच्या कडेने ती झाकली जाते.

मग तोंडं. खांब ओट्यावर उभा करून गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावा आणि मागे बॅटरी धरा. तोंड तिरकं असेल तर खांब एका काठावर उभा असतो. त्यावर कितीही गोंद घातला तरी तो डुलणार. काचेवर १५० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, शेजारी काटकोनी ठोकळा धरा आणि खांब त्याला टेकवून तोंड हलक्या हाताने घासा. नुसत्या हातात धरून घासलं तर कडा गोल होतात आणि होता तो टेकूही जातो.

सगळे एका बाजूला कलले असतील तर

खांबांना सरळ करत बसू नका. खांब उभा भार घेतो, आडवा रेटा भिंत घेते. मागची भिंत जोत्यापासून आणि तुळईपासून सुटली आहे का ते पाहा. बहुतेक वेळा सुटलेलीच असते. भिंत दोन्हीकडे नीट चिकटवून वाडा गुण्यात आणला की खांब मागोमाग सरळ होतात.

सांधा

इथपर्यंत काही सापडलं नाही, तर सांधा उघडावा लागेल. लाकडाचं कापलेलं तोंड म्हणजे शेकडो बारीक नळ्यांची टोकं. ती गोंद पिऊन टाकतात, वर पातळ पापुद्रा उरतो. म्हणून नुसत्या तोंडावर चिकटवलेला खांब एक उन्हाळाही धड काढत नाही. सागवानात भर म्हणजे त्याचं स्वतःचं तेल. घासून आठवडाभर पडलेल्या सागावर गोंद नीट धरत नाही. घासल्यावर त्याच बैठकीत चिकटवा.

जुना गोंद पूर्ण काढा. वाळलेल्या पांढऱ्या गोंदावर नवा गोंद बसत नाही, हे मी कितीदा सांगितलं तरी लोक वरून आणखी एक थर देतातच. कोमट व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड अर्धा तास गुंडाळून ठेवा, मऊ झालेला गोंद पटाशीने खरवडा, आणि लाकूड दोन दिवस वाळू द्या.

मोठ्या खांबाला कुसू, म्हणजे भोकात बसणारं टोक, असतं, तसं इथेही द्यायचं. ३ मि.मी. जाडीची बांबूची काडी (कबाबाची काडी चालते) हे आपलं कुसू. खांबाच्या तोंडावर कर्णरेषा आखून मध्य काढा, पोचा (छोटा खड्डा) पाडा आणि मगच भोक पाडा. पोचा पाडला नाही तर ड्रिलचं टोक रेषेबरोबर सरकतं. जोतं आणि तुळई यांवरच्या खुणा वेगवेगळ्या मोजू नका. कागदाच्या एकाच पट्टीवर सगळ्या खांबांचे मध्य आखा आणि तीच पट्टी दोन्हीकडे लावा.

खालचं भोक काडीच्या जाडीचं, काडी गोंद लावून पक्की. वरचं भोक ३.५ मि.मी. आणि काडीपेक्षा दोन मि.मी. जास्त खोल. वर गोंद लावायचा नाही. सगळ्यांचा हात इथे अडखळतो, कारण मोकळं सोडणं म्हणजे अर्धवट काम वाटतं. पण वरचं टोक मोकळं असलं की चळत उन्हाळ्यात खाली-वर होते, काडी भोकात सरकते आणि खांब जागचा हलत नाही. दोन्ही टोकं चिकटवली की काहीतरी तुटणारच: कमजोर असेल तर सांधा, नाहीतर खांब.

चिकटवायचं काम सकाळी करा, पंखा आणि कूलर दोन्ही बंद ठेवून. मे महिन्यातल्या दुपारी पांढऱ्या गोंदावर पाचेक मिनिटांत साय धरते, आणि साय धरलेला गोंद पकडत नाही. भार ठेवून चोवीस तास वाट पाहा. निवड तुमच्या हातात असेल तर नवा वाडा दिवाळीनंतर, कार्तिक-मार्गशीर्षात जोडा. तेव्हा हवा दोन्ही टोकांच्या मधली असते. मे महिन्यात जोडणं भागच असेल तर डोक्यावर अर्ध्या मि.मी.ची फट मुद्दाम सोडा.

जोतं आणि तुळई

स्टीलची पट्टी जोत्यावर आडवी धरा. मधोमध पोकळी दिसली तर पाटी वाटीसारखी वळली आहे. नेहमीचं कारण एकच: वरून छान पॉलिश, खालून कोरं लाकूड. खालच्या बाजूने पाणी आत-बाहेर करतं, वरून करत नाही, आणि पाटी वळते. खालूनही तितकेच हात द्या. थोडी वळलेली पाटी पुढच्या ऋतूत पुष्कळशी सावरते. एमडीएफचं जोतं पाण्याने फुगलं असेल तर मात्र ते परत बसत नाही, बदलावंच लागतं. तुळई मध्ये झुकली असेल तर उलटी करून बसवा.

नवा खांब

वाकलेला किंवा चिरलेला खांब बदलायचा. चिरेत गोंद भरून बांधता येतं, पण भार घेणाऱ्या खांबाला मी ते करत नाही.

लकडगंजात जुन्या चौकटींचे तुकडे मिळतात. चाळीस-पन्नास उन्हाळे पाहिलेलं सागवान असतं ते, नव्या फळीपेक्षा कितीतरी शांत. कोरीव काम जास्त असेल तर शिवणीचं लाकूड घ्या. हलकं असतं, पटाशीखाली तुटत नाही आणि हलतंही कमी. पांढरट कच्चा भाग टाळा, घुण तिथेच लागतो. तुकड्याच्या टोकाला पटाशी ठेवून एक छिलका उभा फोडा. सरळ फुटला तर रेषा सरळ, तिरका गेला तर त्याचा खांब पुढे वाकणार. सगळे खांब एकाच फळीतून काढा आणि कापून दोन आठवडे वाड्याशेजारीच ठेवा.

सुरूच्या घाटाचा, म्हणजे सुरूच्या झाडासारखा निमुळता, खांब करायचा असेल, तर खाली फुगीर भाग सुरू होण्याआधीची मान ७ मि.मी.च्या खाली बारीक करू नका. ३ मि.मी.चं भोक गेल्यावर दोन्हीकडे दोन-दोन मि.मी. लाकूड उरतं, आणि त्याहून कमी उरलं तर काडी बसवतानाच ते फुटतं. भोक आधी पाडा, घाट नंतर काढा. भोसल्यांच्या राजवाड्यात लाकडी कोरीव काम भरपूर होतं. १८६४ च्या आगीत तो वाडा गेला. आज घाट बघायचा तर महालातल्या उरलेल्या वाड्यांत जाऊन, परवानगी घेऊन, खांब जवळून पाहा. फोटोत मानेची जाडी कळत नाही.

कुठे थांबायचं

भुकटी पडत असेल आणि १-२ मि.मी.ची गोल भोकं दिसत असतील, तर तो घुण आहे. वाडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाकीच्या लाकडी सामानापासून दूर ठेवा आणि कीडनियंत्रणवाल्याला बोलवा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. मग वाड्यासोबत घराच्या भिंतीही दाखवा. रॉकेल ओतून बघायचा मोह आवरा. लाकूड डागाळतं, आतली अळी मरतेच असं नाही, आणि त्याच वाड्यापुढे तुम्ही समई लावणार असता.

खांबांतून दिव्यांची माळ गेली असेल आणि ती थेट घरच्या प्लगला लागत असेल, तर भोक पाडण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून ती काढून घ्या. प्लग काढलाय एवढ्यावर समाधान मानू नका. ड्रिलने आतली तार सोलली गेली तर पुढच्या वर्षी लावताना झटका बसतो.

वाडा आजोबा-पणजोबांच्या काळचा असेल, जुना ऑइल पेंट असेल, तर पॉलिश पेपर लावू नका. त्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांसाठी घातक असते. शिवाय घासलेला जुना रंग परत आणता येत नाही. असा वाडा जुन्या लाकडाचं काम करणाऱ्या माणसाच्याच हातात द्या.

जोतं पिळलं असेल, म्हणजे ओट्यावर ठेवल्यावर समोरासमोरचे दोन कोपरे उचललेले राहत असतील आणि महिनाभर खोलीत ठेवूनही फरक पडत नसेल, तर घरी दाबून सरळ होत नाही. वाढयाकडून सगळा वाडा उतरवून नवं जोतं करून घ्यावं लागतं.

आणि गोल, कातलेले खांब असतील तर ते पटाशीने करू नका, कातारीकडे (लेथवर लाकूड कातणाऱ्याकडे) जा. जाताना एक शाबूत खांब नमुन्याला न्या, उंची आणि भोकाचं माप कागदावर लिहून द्या, आणि चार हवे असतील तर पाच सांगा. पोळ्याच्या तोंडावर मात्र जाऊ नका. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची चाकं त्या दिवसांत त्याच लेथवर निघत असतात, आणि महालक्ष्म्या त्यानंतर आठवड्याभरातच येतात. आषाढातच गाठा.